पोर्टेबल एसीच्या फटी: चिकटा न ठेवणारा टेप कोणता, आणि तो कुठे लावायचा?

पौडरोडकर (प्रश्न)

मंडळी, नेमकी मदत हवी आहे. पुण्यात भाड्याचं घर, पश्चिमेची खिडकी. सोसायटी दर्शनी भिंतीवर आउटडोअर युनिट लावू देत नाही आणि घरमालकांना भिंतीत भोक नको आहे, म्हणून एक टनाचा, एका नळीचा पोर्टेबल एसी आहे. खोली १० × १२ फूट. खिडकी ॲल्युमिनियमची, पावडर कोटिंग केलेली, दोन ट्रॅकची सरकती, ४ फूट उंच. नळी प्लॅस्टिकची, वळ्यावळ्यांची, १३ सेंमी व्यासाची, पूर्ण ताणली तर दीड मीटर.

यंत्रातून हवा चांगली गार येते, पण दुपारी दोननंतर खोली २९ अंशांच्या खाली उतरत नाही. हात फिरवला की चार ठिकाणी गडबड कळते: नळी यंत्राला जोडली आहे तिथे गरम झोत लागतो, नळी खिडकीच्या पट्टीत बसते तिथेही लागतो, एसीबरोबर आलेल्या खिडकीच्या किटमधल्या सरकत्या पट्टीच्या दोन तुकड्यांमध्ये फट आहे, आणि उघड्या शटरच्या (सरकणाऱ्या काचेच्या पल्ल्याच्या) कडेने बाहेरची हवा सरळ आत येते.

हे सगळं टेपने बंद करायचं आहे. अट एकच. घर सोडताना चौकटीवर, काचेवर आणि एसीच्या बॉडीवर चिकटा राहता कामा नये, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापले जातील. दुकानात चंदेरी डक्ट टेप, ॲल्युमिनियम फॉइल टेप, गॅफर टेप, पेंटरचा निळा टेप असं सगळं दाखवतात. कुठला कुठे वापरायचा? आणि नळीवर कुठलाच टेप धड टिकत नाही, दुसऱ्या दिवशी कडा सुटलेल्या असतात, ते का?


कंडेन्सर

टेप विकत घेण्याआधी हवा कुठून कुठे जाते ते बघा. त्यावर निम्मी उत्तरं अवलंबून आहेत.

एका नळीचं यंत्र खोलीतलीच हवा उचलतं, तापलेल्या कंडेन्सरवरून (खोलीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलवरून) फिरवतं आणि नळीतून बाहेर फेकतं. म्हणून नळीत दाब जास्त आणि खोलीत दाब कमी, अशी स्थिती सतत असते. तुमच्या पहिल्या दोन फटी नळीच्या आहेत. तिथून ४५-५० अंशांची हवा खोलीत सुटते, म्हणजे जी उष्णता बाहेर टाकायला वीज खर्च केली तीच परत येते. उरलेल्या दोन फटी खिडकीच्या. तिथून खोली बाहेरची हवा ओढते. दाब अगदी थोडा असतो, पण यंत्र चालू असेपर्यंत हटत नाही, आणि खिडकीला खोलीच्या बाजूने लावलेला टेप तो सुटण्याच्या दिशेनेच ढकलत राहतो.

आता मापं घ्या. १३ सेंमी व्यासाच्या नळीचं तोंड म्हणजे साधारण १३३ चौरस सेंमी. सरकत्या खिडकीचं एक शटर थोडं उघडलं की दोन शटरांच्या मधला जोड सुटतो आणि तिथे उभी फट पडते. ही फट १५ मिमी धरली आणि उंची १२० सेंमी, तर क्षेत्रफळ १८० चौरस सेंमी झालं. नळीच्या तोंडापेक्षा मोठं! बहुतेक जण नळीभोवती टेप गुंडाळत बसतात आणि ही फट तशीच राहते, कारण ती पडद्याआड असते. तुम्ही जिला 'शटरच्या कडेने' म्हणता ती हीच असणार. काम तिथून सुरू करा.

उष्णतेचा हिशेब ढोबळ सांगतो. यंत्र ताशी ३०० घनमीटर हवा बाहेर फेकतं असं धरा. तेवढीच हवा कुठून तरी आत येणार, त्याला इलाज नाही. ती ३८ अंशांची बाहेरची हवा असेल आणि खोली २६ वर ठेवायची असेल, तर ती गार करायलाच सुमारे ११५० वॅट जातात. एक टन म्हणजे ३५०० वॅट, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश क्षमता गेली. तीच हवा ३१ अंशांच्या हॉलमधून आली तर खर्च ४८० वॅटच्या आसपास. म्हणून खोली डबाबंद करू नका. उन्हाची बाजू कडेकोट बंद करा आणि घराच्या आतली बाजू, म्हणजे हॉलकडच्या दाराखालची फट, मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलंत तर पंख्याला हवा मिळत नाही, कंडेन्सर तापतो आणि यंत्र स्वतःच कॉम्प्रेसर थांबवतं. मग लोक म्हणतात, टेप लावल्यापासून एसी बिघडला.

फटी शोधायला अगरबत्ती पुरते. पंखा बंद, दार लावलेलं, एसी पूर्ण वेगावर. नळीच्या सांध्याजवळ धूर नळीपासून लांब फेकला जाईल. खिडकीच्या फटीजवळ तो खोलीच्या आत वळेल. पडदा आधी काढून ठेवा. खिडकी झाल्यावर पुढच्या जागाही तपासा: बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचं भोक, जुन्या विंडो एसीच्या जागी ठोकलेलं प्लायवूड, आणि नव्या इमारतींत स्प्लिट एसीच्या पाइपसाठी भिंतीत ठेवलेली पीव्हीसी नळी. त्या नळीवरचं झाकण पुष्कळदा सैल असतं आणि ती थेट उन्हातल्या भिंतीवर उघडते.


चिकटपट्टी

टेपांबद्दल मी सांगतो. 'चिकटा न ठेवणारा' हा गुण नुसत्या टेपचा नसतो. टेप, पृष्ठभाग, ऊन आणि किती दिवस ठेवला, या चारांचा मिळून तो गुण असतो.

चंदेरी डक्ट टेप इथे नकोच. त्याचा डिंक रबरी असतो. उष्णतेने तो मऊ होऊन पसरतो, पुढे कडक होतो, कापडी थर वेगळा निघतो आणि डिंक चौकटीवर राहतो. नावात डक्ट असला तरी डक्टवरही तो टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये डक्टचे सांधे बंद करणारे पदार्थ गरम-थंड हवेवर तपासले, त्यात वारंवार फसला तो हाच.

ॲल्युमिनियम फॉइल टेप हवा रोखायला उत्तम, उष्णताही सोसतो. पण त्याचा डिंक ॲक्रिलिक, म्हणजे जितका जुना होईल तितकी पकड वाढते. एसीच्या बॉडीवर किंवा चौकटीवर लावलात तर काढताना फॉइल तुकड्यातुकड्यांनी फाटेल. किटच्या पट्टीच्या दोन तुकड्यांवर खुशाल लावा, ती पट्टी तुमची आहे.

गॅफर टेप म्हणजे नाटकाच्या रंगमंचावर वायरी चिकटवतात तो, सुती कापडाचा, बिनचमकीचा. तो स्वच्छ निघण्यासाठीच बनवलेला असतो. सावलीतल्या जागी, यंत्राच्या बॉडीवर, पट्टीच्या आतल्या बाजूला चांगला. पश्चिमेच्या उन्हात काचेला लावून महिनाभर ठेवलात तर तोही चिकटा सोडतो. दुकानात गॅफर म्हणून चकचकीत प्लॅस्टिकचा टेप देतात तो घेऊ नका. खरा गॅफर हाताने सरळ रेषेत फाटतो आणि त्यावर प्रकाश चमकत नाही.

पेंटरच्या निळ्या टेपच्या रिळावर किंवा वेष्टनावर दिवस छापलेले असतात: १४, ३०, ६०. तेवढ्या दिवसांत काढला तर स्वच्छ निघतो, उन्हात तो आकडा कमी धरा. कागदी असल्यामुळे दमट हवेत कडा उचलतात. पिवळट रंगाचा स्वस्त मास्किंग टेप त्याऐवजी चालत नाही, तो उन्हात चौकटीवर अक्षरशः भाजला जातो.

जिथे निळा टेप दुबळा पडतो तिथे दोन थर द्या. खाली ४८ मिमीचा निळा, त्यावर ३६ मिमीचा गॅफर, दोन्ही कडांना ६-६ मिमी निळा दिसत राहील असा. वरचा टेप चौकटीला कुठेही टेकता कामा नये. पण यात पकड निळ्या टेपचीच राहते, वरच्या थराने फक्त हवा अडते आणि पट्टी ताठ होते. त्यामुळे वजन पेलायला हा प्रकार वापरू नका.

आता नळीचं. नळी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची असते. या प्लॅस्टिकला डिंक मुळातच धरत नाही, आणि वर वळ्या. टेप फक्त वळ्यांच्या माथ्यावर टेकतो, खालून हवा खेळते आणि यंत्र सुरू-बंद होताना नळी आकसते-ताणते. टेप बदलून काही होणार नाही. इथे डिंक नसलेला टेप लागतो: सिलिकॉनचा, स्वतःलाच चिकटणारा. पाण्याचा पाइप गळतो तेव्हा गुंडाळतात तोच. २५ मिमी रुंद, तीन मीटरचं रीळ एका सांध्याला पुरतं. दुप्पट-अडीचपट ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत, सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान दोन वळ्या पुढे जाईपर्यंत गुंडाळा. काही मिनिटांत थर एकजीव होतात, पूर्ण पकडायला एक दिवस द्या. न ताणता गुंडाळला तर एकजीव होत नाही आणि दोन दिवसांत ढिला पडतो. हात तेलकट असतील किंवा टेपवर धूळ बसली असेल तरी तेच. उष्णतेची चिंता नको, नळीतल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापमान तो सोसतो. काढताना ब्लेडने चीर द्यावी लागते. ब्लेड कॉलरच्या (नळी यंत्राला जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या कड्याच्या) कडक भागावर चालवा, नळीवर नाही.

आणि टेपच्या आधी नळीचे आटे नीट बसवा. कॉलरवर तीन-चार आटे पूर्ण फिरेपर्यंत नळी घट्ट करा. गळती पुष्कळदा तिथेच निम्मी होते.


सुतारपक्षी

वरच्या दोघांशी सहमत. माझा मुद्दा एवढाच की खिडकीला टेप जवळजवळ लागतच नाही. डिंक स्वतःच्या वस्तूला लावायचा आणि घरमालकाच्या वस्तूवर फक्त दाब द्यायचा. फोमची पट्टी चौकटीला चिकटवली तर तिचाही डिंक राहतो, आणि तो टेपपेक्षा वाईट निघतो. तीच पट्टी बोर्डाच्या कडेला चिकटवली आणि बोर्ड चौकटीत दाबून बसवला, तर चौकटीला डिंक शिवतही नाही.

किटमधली सरकती पट्टी बाजूला ठेवा आणि सनबोर्ड घ्या, म्हणजे फलक बनवायला वापरतात तो हलका फोमचा बोर्ड. थर्माकोल स्वस्त असला तरी कडा चुरतात, आणि फेव्हिकॉल एसआरसारखा रबरी डिंक लागला तर थर्माकोल विरघळतो. बोर्ड पांढराच घ्या, गडद रंगाचा पश्चिमेच्या उन्हात वाकतो. पुठ्ठा तात्पुरता ठीक, पहिल्या वळवाच्या पावसात मऊ पडेल.

जाडी ट्रॅकवरून ठरवा. शटर ज्या खाचेत चालतं तिची रुंदी मोजा. समजा १८ मिमी निघाली, तर ८ मिमीचा बोर्ड आणि त्याच्या वरच्या-खालच्या कडांना दोन्ही अंगांनी ६-६ मिमीचा फोम. एकूण २० मिमी, दाबल्यावर १८. यापेक्षा बराच जास्त दाब ठेवलात तर बोर्ड बसवताना फोम सोलून निघतो.

उंचीसाठी खालच्या ट्रॅकच्या काठापासून वरच्या खाचेच्या ओठापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात १० मिमी मिळवा. बोर्ड शटरसारखाच बसतो: आधी वरच्या खाचेत तिरका घाला, सरळ करा, मग खाली टेकवा. हे माप तीन ठिकाणी घ्या, कारण चौकटी काटकोनात असतातच असं नाही. सर्वांत लहान माप धरा, उरलेलं फोम भरून काढेल. रुंदी २५ सेंमी पुरे. किटच्या अडॅप्टरचा (नळीचं टोक बसतं त्या तुकड्याचा) बाहेरचा आकार आधी पुठ्ठ्यावर कापून बसतो का बघा, मगच बोर्डावर रेघ मारा. कटर एकदम आरपार दाबू नका, चार-पाच हलक्या फेऱ्यांत कापा, म्हणजे कड स्वच्छ येते. भोक अशा उंचीवर ठेवा की नळी यंत्रापासून हळूहळू वर चढेल, मध्ये झोळ पडणार नाही.

बोर्डाच्या दोन्ही उभ्या कडांना १० मिमीचा मऊ फोम लावा. एक कड चौकटीला टेकते, दुसरीवर शटर येऊन दाबतं. शटर मागे सरकू नये म्हणून उरलेल्या ट्रॅकमध्ये मापाची लाकडी पट्टी आडवी घाला. कडी लागत नसल्याने खिडकी बाहेरून उघडू नये यासाठीही ती हवीच.

आता कंडेन्सर यांनी सांगितलेली दोन शटरांमधली उभी फट. एसीचे पाइप गुंडाळायला मेकॅनिक वापरतात ती नायट्रिल रबराची काळी नळी एसी स्पेअरच्या दुकानात सहा फुटी मिळते. १५ मिमीच्या फटीला २५ मिमीच्या आसपास बाहेरचा व्यास असलेली घ्या, चार फुटांवर कापा आणि वरून खाली बोटाने दाबत फटीत बसवा. टेप नाही, डिंक नाही, काढायला दहा सेकंद. फट वर-खाली कमीजास्त असली तरी ती आपली आपण जुळवून घेते.

ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला पावसाचं पाणी जाण्यासाठी छोटी भोकं असतात, हवा तिथूनही येते. ती निळ्या टेपने झाका, पण मे संपायच्या आत आठवणीने मोकळी करा. नाहीतर ट्रॅकमध्ये साठलेलं पाणी उलटं आत येतं.


पौडरोडकर

सर्वांचे आभार, खिडकीचा प्रश्न सुटला. अजून तीन शंका आहेत. यंत्राच्या मागच्या बाजूला, जिथे कॉलर खाचेत सरकते, तिथे आणि बॉडीच्या दोन भागांच्या जोडावरही गरम हवा जाणवते. तिथे टेप लावला तर चालेल का? दुसरं, कंडेन्सरची हवा घेणाऱ्या जाळीवर खोकं बसवून दुसरी नळी काढावी, म्हणजे यंत्र दोन नळ्यांचं होतं, असं वाचलं. करावं का? तिसरं, दाराखालची फट मोकळी ठेवायची तर बाथरूमच्या दाराचं काय? ते याच खोलीत उघडतं.


कंडेन्सर

कॉलर आधी. ती बाहेर काढा. तिच्या कडेला, म्हणजे यंत्राच्या खाचेत जाणाऱ्या ओठावर, २-३ मिमी जाडीची ईव्हीए फोमची पट्टी चिकटवा आणि परत सरकवा. सुतारपक्षी यांचंच सूत्र, डिंक काढता येणाऱ्या भागावर. कॉलर कट्कन बसायला हवी. बसत नसेल तर फोम जाड झाला, तो बदला, जोर लावू नका. खटका मोडला तर कॉलर कायमची ढिली राहील.

बॉडीच्या जोडावर गॅफर चालेल, पण कॉलरच्या आसपासच्या वीतभर भागापुरता. कंडेन्सरची गरम हवा तिथेच दाबाखाली असते. बाकी जोडांवरून जे जाणवतं ते बहुधा कॉम्प्रेसरची ऊब आहे, टेपने ती थांबणार नाही. जाळ्या, पाणी काढायचं बूच आणि माहितीची पट्टी सोडून द्या. पट्टीवर वायूचं नाव बघा: आर-३२ किंवा आर-२९०. दुसरा म्हणजे प्रोपेन, चांगलाच ज्वलनशील. बॉडीत स्क्रू मारणं, भोक पाडणं किंवा पॅनल उघडणं दोन्हींत टाळा. टेपच्या कामासाठी उघडायची गरजही नाही.

दोन नळ्यांचं तत्त्व बरोबर आहे. बाहेरचीच हवा घ्यायची आणि बाहेरच सोडायची, म्हणजे खोलीतला दाब घटत नाही. एका नळीच्या तोट्यामुळेच अमेरिकेत या यंत्रांवर क्षमतेचे दोन आकडे दिसतात. जुन्या पद्धतीने १४,००० बीटीयू (गार करायची क्षमता मोजायचं एकक) लिहिलेल्या यंत्राचा नवा आकडा बरेचदा १०,००० किंवा त्याहून कमी असतो. पण घरगुती फेरफार करायचा तर दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात. कंडेन्सरची जाळी आणि थंड कॉइलची जाळी पूर्ण वेगळ्या आहेत का? काही यंत्रांत खालच्या जाळीतून घेतलेली हवा दोन्हीकडे वाटली जाते, तिथे हा प्रकार उलटा पडतो. आणि दुसरी नळी पहिलीइतकी तरी मोठी, आखूड आणि सरळ बसेल का? ती अरुंद झाली तर पंखा गुदमरतो. शिवाय खोलीतल्या २७ अंशांऐवजी कंडेन्सरला ४० अंशांची हवा मिळणार, म्हणजे सुरक्षेची मर्यादा जवळ येते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये आधी फटी बंद करा, चार दिवस तापमान लिहून ठेवा. २६-२७ मिळालं तर दुसऱ्या नळीच्या फंदात पडू नका.


उत्तर-नागपूर

बाथरूमबद्दल गंभीरपणे सांगतो. तिथे गॅस गीझर असेल तर एसी चालू असताना तो लावू नका आणि गीझर चालू असताना एसी लावू नका. खोली हवा ओढत असते. गीझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी आत येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. टेप लावून खोली घट्ट केल्यावर हा धोका वाढतो. विजेचा गीझर असेल तर हा प्रश्न नाही.

बाकी बाथरूमचं दार बंद ठेवा आणि खाली गुंडाळी असलेला कापडी ड्राफ्ट स्टॉपर लावा. एक्झॉस्टच्या भोकावर पडणारी झडप नसेल तर उन्हाची हवा तिथून येते. बाथरूममधून वास येऊ लागला तर मोरीच्या जाळीत मगभर पाणी ओता. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवायला पाणी साठून राहतं त्या भागात, साधारण ५० मिमी पाणी असतं. एसीची ओढ काही पास्कलची, आणि एक पास्कल म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या उंचीच्या पाण्याचा दाब. म्हणजे भरलेला ट्रॅप एसी रिकामा करू शकत नाही. वास येतो तो न वापरलेल्या, उन्हाळ्यात सुकलेल्या ट्रॅपमधून. बाल्कनीची जाळी लोक हमखास विसरतात.

फटी झाल्या की नळीकडे वळा. १३-१४ सेंमी व्यासाची दीड मीटर नळी म्हणजे ०.६ ते ०.६५ चौरस मीटरच्या आसपास गरम पृष्ठभाग खोलीत उभा आहे. ढोबळ हिशेबाने सव्वाशे-दीडशे वॅट तिथून परत येतात. एसी खिडकीजवळ आणून ती एक मीटरवर आवळली तर खर्च न करता तिसरा भाग वाचतो. मग उरलेल्या नळीवर ॲल्युमिनियमचा थर असलेली एअर बबल शीट एक वेढा गुंडाळा आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधा. इथेही टेप नको, नळी आकसल्यावर तो सुटतोच. शीट इतकी आवळू नका की वळ्या दबतील.


इसार

जर्मनीत, म्युनिकजवळ राहते. इथे उन्हाळ्यात भाड्याच्या घरांत हीच यंत्रं वापरतात, पण खिडक्या आत कलणाऱ्या. त्यांच्यासाठी कापडी पडदा मिळतो, मध्ये चेन, कडेला वेल्क्रो, आणि तो वेल्क्रो चिकटपट्टीने चौकटीला लावायचा असतो. पांढऱ्या पीव्हीसी चौकटीवर त्या पट्टीचा डिंक एका उन्हाळ्यात पिवळा पडतो. तिथेही सुतारपक्षी यांचाच मार्ग लागू पडतो. खिडकी पूर्ण उघडायची आणि चौकटीच्या मापाची पारदर्शक, आतून पोकळ नळ्यांची पॉलिकार्बोनेट शीट कडेला फोम लावून दाबून बसवायची. कापडातून उष्णता सरळ आत येते, शीटच्या आतल्या पोकळीमुळे ती बरीच अडते, उजेडही राहतो. भारतात ही शीट छपराचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. ६ मिमीची पुरे, सनबोर्डला चांगला पर्याय आहे. शीटच्या उघड्या नळ्या वर-खाली येतील अशी कापा आणि ती तोंडं फॉइल टेपने बंद करा, नाहीतर त्यांत धूळ आणि मुंग्या जातात.


चिकटपट्टी

काढण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून पुन्हा येतो. निळा किंवा गॅफर टेप सकाळी, चौकट गार असताना काढा. टेप स्वतःवर पूर्ण उलटा दुमडून, पृष्ठभागाला समांतर, सावकाश ओढा. सरळ बाहेरच्या दिशेने खेचलात तर कोटिंगवर ताण येतो. दुपारी चौकट तापलेली असताना डिंक मऊ असतो, तो मधूनच तुटतो आणि निम्मा मागे राहतो. हेअर ड्रायर जुन्या, कडक झालेल्या फॉइल टेपसाठी ठेवा.

तरीही चिकटा राहिला तर आधी त्याच टेपचा ताजा तुकडा दाबून झटकन उचला, पातळ चिकटा त्यालाच लागून येतो. उरलेल्यावर खोबरेल तेल चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, बोटाने गोळ्या करून काढा, मग भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पुसा. काचेवर ब्लेड तिरकं धरून चालेल, पावडर कोटिंगवर अजिबात नाही. एसीची बॉडी एबीएस प्लॅस्टिकची असते. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनरने ती विरघळते, पांढरा डाग पडतो आणि तो जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन बॉडीवर चालतं, पण थेट ओतू नका. ॲक्रिलिकच्या शीटवर तेही नको, बारीक तडे जातात.

आणि लावण्याआधी प्रत्येक टेपचा दोन इंची तुकडा चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे ऊन येतं तिथे, आठवडाभर लावून बघा. पावडर कोटिंग सगळ्या खिडक्यांवर सारख्या प्रतीचं नसतं, काही ठिकाणी निळ्या टेपबरोबर रंगाचा पापुद्राच येतो. तसं झालं तर त्या चौकटीवर टेप लावूच नका, बोर्ड आणि फोम एवढ्यावरच काम भागवा.


पौडरोडकर

ट्रॅक आत्ताच मोजला, १९ मिमी आहे. ८ मिमीचा बोर्ड आणि ६ मिमीचा फोम चालेल ना?


सुतारपक्षी

चालेल, पण २० चं १९ म्हणजे दाब कमी पडतो. १० मिमीचा बोर्ड घ्या, फोम तोच, २२ चं १९ होईल. बसवताना फोमला टाल्कम पावडर लावा, म्हणजे खाचेत सरकतो आणि सोलत नाही.